खिडक्या बदलाव्यात की दुरुस्त कराव्यात? (सोसायटी ग्रुप, कारेलीबाग, बडोदे)

ए-104: सर्वांना नमस्कार. दिवाळीनंतर इमारतीला बाहेरून रंग द्यायचा आहे. परांची बांधली जाणारच आहे, तर त्याच वेळी सगळ्या घरांच्या जुन्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे टणक प्लास्टिकच्या, बसवाव्यात, असा प्रस्ताव एका कंत्राटदाराने दिला आहे. किमान 12 घरे तयार झाली तर तो दरात सवलत देणार आहे. आमच्या सातही खिडक्या इमारतीइतक्याच, म्हणजे 1986 च्या आहेत. पावसाळ्यात त्यांतील दोन नीट लागत नाहीत आणि हॉलच्या खिडकीखालची भिंत ओली होते. आपापले मत कळवावे.

सी-302: नमस्कार. माझी सगळी नोकरी इमारतींच्या देखभालीत गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पावसाळ्यात खिडकी लागत नाही, एवढ्यावरून ती काढून टाकू नये. लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगते, शिवाय जुना रंग न खरवडता त्यावर नवा चढवत गेल्यामुळे आपल्याकडील झडपांच्या कडा आधीच जाड झालेल्या आहेत. आत्ता ऐन श्रावणात सुताराकडून रंधा मारून घेतलात तर उन्हाळ्यात लाकूड आकसेल आणि त्या फटीतून धूळ आत येऊ लागेल. हे काम हवा कोरडी झाल्यावर करावे.

चौकटीचे मात्र आताच पाहून घ्या. साधा स्क्रू ड्रायव्हर घेऊन चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात, विशेषतः ते उभ्या लाकडांना जिथे मिळते त्या दोन्ही कोपऱ्यांत, टोचून पाहा. सागाचा गाभा शाबूत असेल तर टोकाने जेमतेम ओरखडा उमटतो. टोक बोटाच्या पेराइतके सहज आत गेले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी आतले लाकूड कुजलेले आहे किंवा त्याला उधई, म्हणजे आपली वाळवी, लागलेली आहे. झडपेची पट्टी कुजली तर तेवढीच कापून नवी जोडता येते, तावदान सैल झाले तर काच पक्की धरणारी लांबी (पुट्टी) पुन्हा भरता येते, बिजागऱ्या तर बाजारात मिळतातच. पण चौकट भिंतीत गाडलेली असते आणि ती कुजली की झडपेवर केलेला खर्च पाण्यात जातो. खिडकी बदलण्याची वेळ आली, असे मी तेव्हाच म्हणतो.

बी-001: काका, आमच्या खिडक्या लोखंडी आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरात शिरले, तेव्हा त्या दोन दिवस पाण्यात होत्या. त्यानंतर रंग दिला, तरी एका काचेला कोपऱ्यापासून तडा गेला आहे. तिला कोणाचा धक्काही लागलेला नाही.

सी-302: वहिनी, तो तडा गंजामुळे गेला असावा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि खाचेत फुगून काचेला रेटतो, म्हणून नवी काच बसवली तरी तीही तडकेल. तारेच्या ब्रशने गंज काढून पाहा. खाली घट्ट लोखंड लागले तर गंजरोधक थर देऊन खिडकी वाचवता येईल. पापुद्रे निघतच राहिले आणि पट्टी पातळ झालेली दिसली तर मात्र तिच्यावर आणखी पैसे घालू नका.

डी-403: नवी खिडकी बसवली म्हणजे पाणी थांबते, या समजुतीत आम्हीही होतो. आम्ही सरकत्या खिडक्या बसवल्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात रुळातले पाणी काठोकाठ भरून दिवाणावर आले. रुळाच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती फटी आहेत असे समजून बसवणाऱ्या कारागिराने सिलिकॉनने बुजवून टाकली होती. मी टाचणीने एक मोकळे केले तेव्हा पाण्याची धार लागली. शिवाय सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, त्यामुळे मे महिन्यातल्या संध्याकाळी जुन्या दोन झडपांची आठवण येते ती वेगळीच.

बी-203: आमचा विचार नवरात्रातील आवाजामुळे चालला आहे. दुहेरी काच बसवली तर समोरच्या मैदानावरचा गरबा ऐकू येणार नाही का?

सी-302: कमी येईल, पण आधी फटी पाहाव्यात. पंखा बंद करून उदबत्ती झडपेच्या कडेने फिरवा. धूर जिथे हेलकावतो तिथून हवा येते, आणि आवाजही तिथूनच येतो. रबरी पट्टी लावून तेवढ्याने भागते का, ते या नवरात्रात पाहावे. आणखी एक, तुमच्याकडे लहान मूल आहे म्हणून सांगतो. घरगुती रंगातील शिसे 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. पाणी मारून ओल्या सँडपेपरने घासावा आणि त्या दिवशी बाळाला आजीकडे ठेवावे.

ए-104: मग आमच्या हॉलच्या ओल्या भिंतीचे काय करावे?

सी-302: पाऊस थांबला की नळीने खालून वर पाणी मारत जा. आधी फक्त खिडकीखालच्या सांध्यावर 10 मिनिटे, मग काचेवर, शेवटी छज्जावर. आत कोणीतरी टॉर्च घेऊन उभे राहावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळते आणि नेमके कुठून आत आले ते कळत नाही.

ए-104 (रविवार, दुपारी): सकाळी दोघांनी मिळून तपासले. खिडकीखालचा सांधा कोरडा राहिला आणि काचेवर पाणी मारूनही आत काही आले नाही. नळी छज्जावर धरताच मात्र चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब उतरू लागले. छज्जा भिंतीला मिळतो तिथे बोटभर लांबीची भेग निघाली. स्क्रू ड्रायव्हर सातही खिडक्यांना टोचला. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो मुठीपर्यंत गेला आणि आतून वाळवीची माती पडली, बाकीच्या सहा शाबूत आहेत. त्यामुळे आम्ही एकच खिडकी बदलणार आहोत आणि छज्जाची भेग रंगाच्या आधी भरून घेणार आहोत. कंत्राटदाराला 12 घरांच्या यादीतून आमचे नाव वगळण्यास कळवले आहे.

सी-302: योग्य केलेत. जी काढाल तिच्या झडपा सागाच्या असतील तर कंत्राटदाराला फुकट नेऊ देऊ नका, जुन्या सागवानाला गिऱ्हाईक मिळते. माझ्या देवघराला दोन फुटांची एक फळी हवी आहे, तेवढी आधी मला दाखवा.