प्रतिसाद: रानमोडी पसरली म्हणजे जुळवून घेतलं असं नाही

"रानमोडी (अमेरिकेतून आलेलं तणझुडूप) सड्यावरही (जांभ्याच्या उघड्या पठारावरही) फोफावते आणि कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) सावलीतही, म्हणजे तिची जनुकंच इथल्या हवेला सरावलीत" हा वरचा मुद्दा पटला नाही. गोव्यात सत्तरीत आमच्या भाटाच्या (बागायतीच्या) कडेला, उघड्या जांभ्यावरच्या रानमोडीची पानं लहान, जाड, चुरडली की उग्र वास. खाली ओहोळाकडे सावलीत तीच पानं रुंद नि पातळ. दोन्हीकडच्या फांद्या घरामागे एकाच मातीत, एकाच उन्हात लावल्या. पावसाळा सरेपर्यंत नव्या पानांवरून कुठली कुठली ते सांगता येईना (कुंड्यांवर खुणा केल्या होत्या म्हणून बरं). म्हणजे पानांतला फरक जागेमुळे, जनुकांमुळे नव्हे. घरगुती प्रयोग, पुरावा म्हणून तोकडाच. पण आशियात पसरलेली रानमोडी जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी आहे, त्याच्याशी तो जुळतो.

उलट पसरताना वैविध्य गळत जातं. पुढच्या जागी दर वेळी मूठभर बियाच पोचतात, आणि आघाडीवर स्पर्धा कमी म्हणून सदोष जनुकंही खपून जातात. इबेरियन द्वीपकल्पात पसरलेल्या मर्क्युरियालिस ॲन्युआ या एरंडकुळातल्या तणावर २००८ साली प्रसिद्ध झालेलं काम बघा: जुन्या आणि नव्या भागांतल्या झाडांवर सारखीच कृत्रिम निवड केली (हव्या गुणाची झाडं निवडून त्यांचीच पैदास), तर नव्या भागातली कमी बदलली. वर कोणी काजूचंही उदाहरण आणलंय मध्ये, पण तो इथे लागू करू नका. ब्राझीलहून आला खरा, पण पुढे माणसानेच पसरवला.