एकाच दिवशी फुटलेली पिल्लं, तीन मात्र निम्मीच. थांबू की औषध देऊ?

नवा_पाळक
नमस्कार मंडळी. कोंबडीच्या पिल्लांना तिसरा आठवडा लागलाय. बहुतेक सगळी छान भरलीत, पंखांना पिसं आलीत, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारतात. तीन मात्र जेमतेम निम्म्या अंगाची आहेत. त्यातली दोन चपळ आहेत, खातात-पितात. तिसरं बल्बखाली डोळे मिटून, अंग फुलवून बसून असतं. जाती मिश्र आहेत, नक्की कोणत्या ते माहीत नाही. खाद्य चिक स्टार्टर, पाणी कायम भरलेलं. तिघांना वेगळं काढू का? व्हिटॅमिन देऊ, औषध देऊ, की वाट बघू?

रानपाखरू
तिघांना एका रांगेत बसवू नका. दोन बारकी आहेत आणि एक आजारी दिसतंय.

बारक्यांचं आधी. मिश्र जाती म्हटल्यावर फरक दिसणारच. ब्रॉयलर आणि बँटम (बुटक्या जातीचं) शेजारी ठेवले तर या वयात ते एकाच दिवशी जन्मलेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. एकाच जातीत नर मादीपेक्षा लवकर वाढतो. जन्मतः पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश असतं, त्यामुळे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगीच्या छोट्या अंड्यातलं पिल्लू सुरुवातीलाच मागे असतं. पिसांवरूनही अंदाज बांधू नका, अंगाने जड जातींना पिसं बहुधा उशिरा येतात.

डोळ्यांनी मापू नका, वजन करा. साधा डिजिटल काटा, त्यावर वाडगा, पायात रंगीत रिंग. दर आठवड्याला त्याच वेळी, सकाळी खाद्य टाकण्याआधी. लहान पिल्लाचं वजन दर खेपेला चढत असेल तर ते लहानच आहे, आजारी नाही. काटा जागेवरच राहिला किंवा उतरला तर मात्र थांबू नका.

भुसा_आणि_बल्ब
ऊब किती देताय? पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. सगळी बल्बखाली गोळा झाली की थंडी, कडेला जाऊन चोची उघडून बसली की उकाडा. तुमच्याकडे बाकीची मोकळी फिरतायत आणि एकच बल्बला चिकटलंय, म्हणजे दोष उबेत नाही.

भुसा कोरडा आहे का? मूठभर दाबून बघा, गोळा झाला तर तो ओला.

अंगणातली_आई
माझं मत, सगळ्यांनाच पाण्यातून व्हिटॅमिन सुरू करा. नुकसान तर काही नाही. आणि खाद्याची भांडी वाढवा हो! भांडं एकच असलं की दांडगी पिल्लं त्याच्याभोवती ठाण मांडतात आणि बारकी उरलंसुरलं खातात. वेगळी ठेवून पोटभर मिळालं की कितीतरी पिल्लं आपोआप सावरतात.

नवा_पाळक
भांडं एकच आहे, आजच दुसरं ठेवतो. पाण्याभोवतीचा भुसा दाबला तर गोळा होतोय. आणि आत्ता नीट पाहिलं, बसलेल्या पिल्लाच्या विष्ठेत लालसर काहीतरी दिसतंय. बाकीच्यांपैकी एक-दोघांची तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची आहे. तेही रक्तच का?

औषधपेटी
अंगणातली आई, भांड्यांचं अगदी बरोबर, पण व्हिटॅमिन जरा थांबवा. कारण खाली देते.

पाळकभाऊ, तपकिरी चिकट विष्ठा अधूनमधून निरोगी पिल्लंही टाकतात, ती आतड्याच्या शेवटच्या पिशव्यांमधली असते. लाल रक्त, फुललेलं अंग, मिटलेले डोळे, ओला भुसा आणि तिसरा आठवडा हे एकत्र आलं की पहिला संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. हा आतड्यातला परजीवी. विष्ठेतून पडलेली त्याची बीजं ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात, आणि पिल्लं तोच भुसा टोचत राहतात. म्हणून भुसा बदलणं हा निम्मा इलाज. ओला भाग आजच काढा आणि पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, विटेवर ठेवा.

ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकाकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. खात्री झाली तर बहुतेकदा पाण्यातून अँप्रोलियम देतात. मात्रा डॉक्टरांनी सांगितलेली किंवा वेष्टनावरची, अंदाजाने नाही. हे औषध परजीवीला बी-1 व्हिटॅमिन घेऊ देत नाही. त्याच पाण्यात आपण बी-1 ओतलं तर औषधाचा जोर जातो. व्हिटॅमिन द्यायचं ते कोर्स संपल्यावर.

घरात उरलेलं अँटिबायोटिक कृपा करून देऊ नका. आणि चिक स्टार्टरच्या पिशवीवर कॉक्सिडिओस्टॅट (खाद्यातच मिसळलेलं, या परजीवीला रोखणारं औषध) लिहिलंय का तेही पाहा, डॉक्टर विचारतील.

रानपाखरू
आजाऱ्याला वेगळं ठेवा, पण बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल असं. एकटं पडलेलं पिल्लू खाणं सोडतं. स्टार्टरच कोमट पाण्यात भिजवून द्या. रात्री गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा: भरलेली असेल तर खातंय, चपटी असेल तर फक्त टोचल्याचं सोंग. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका.

अशक्त आहे म्हणून कुणी मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य सुचवेल, ते नको. त्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं, पिल्लाला 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडांवर येतं.

भुसा_आणि_बल्ब
एक भर. उद्या एखादं लंगडलं तर सगळं रक्ती हगवणीच्या खात्यावर टाकू नका. बोटं आतल्या बाजूला मुडपली असतील तर बी-2 ची कमतरता असू शकते. पहिल्या दिवसांत पाय दोन बाजूंना फाकले तर बहुधा गुळगुळीत कागदावर ठेवल्यामुळे. मोठं झाल्यावर एक पाय पुढे, एक मागे पडला तर मरेक्स हा विषाणूचा आजार, आणि त्यावर औषध नाही, लस पहिल्या दिवशीच टोचायची असते.

नवा_पाळक
विष्ठा घेऊन सकाळी निघतोय. रक्ती हगवणच निघाली तर औषध त्या एकालाच द्यायचं ना? बाकीची ठणठणीत आहेत.

औषधपेटी
नाही, सगळ्यांच्या पाण्यात. एकाच भुशावर राहतात, लागण सगळ्यांना पोचलेली धरायची. ते दिवस साधं पाणी दुसरीकडे कुठेही ठेवू नका, आणि औषधी पाणी रोज ताजं बनवा. आजारी पिल्लाने खाणं सोडलं तरी ते पाणी पीत राहतं, म्हणून औषध पाण्यातून. ते पाणीही पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा. घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं.