कानातील आवाज आणि मेंदूतील जाळी
बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात आवाज येत राहतो (टिनिटस), तेव्हा ‘श्रवणचेता, म्हणजे कानातून मेंदूकडे ध्वनिसंदेश नेणारी नस, कापली तर हा आवाज थांबेल का?’ या प्रश्नाबाबत थोडी भर घालतो. या चेतेवरील गाठ काढताना ती कापावी लागलेल्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरही आवाज येतच राहिला. म्हणजे सुरुवात कानात झाली तरी तो टिकतो मेंदूत. एफएमआरआय (मेंदूचे काम टिपणारे स्कॅन) अभ्यासांत टिनिटस असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील श्रवणकेंद्राचा भावनांशी निगडित अमिग्डाला या भागाशी असलेला संबंध बदललेला, तर विश्रांतीत सक्रिय राहणाऱ्या मेंदूभागांच्या जाळ्याचा प्रीक्युनियस या मेंदूच्या मागील बाजूच्या भागाशी असलेला दुवा सैल झालेला आढळला आहे, आणि निवांत बसूनही त्यांना निवांतपणा का लाभत नाही, हे मला त्यावरून उमगते. मात्र स्कॅन यंत्राचा स्वतःचाच प्रचंड आवाज आणि रुग्णांची सोबतची श्रवणहानी यांमुळे हे निष्कर्ष जपूनच स्वीकारावेत.