टाइम मशीनचा बॅकअप दर वेळी एवढा मोठा का होतोय? आत नेमकं काय जातंय ते कसं बघायचं?

मॅक_वापरणारा: मंडळी मदत हवीये. १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क टाइम मशीनला (मॅकचं स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर) लावलेली आहे, गेले काही दिवस दर तासाच्या बॅकअपला चाळीसेक जीबी कॉपी होताना दिसतायत, आणि मी तर फक्त दोन चार डॉक्युमेंटं बदलतो, तेवढ्याने एवढं कसं होईल? सेटिंगमध्ये शेवटचा बॅकअप कधी झाला एवढंच दिसतं, काय कॉपी झालं ते कुठेच नाही. डिस्क भरत आलीये त्यामुळे जुने बॅकअप आपोआप उडतायत, गेल्या वर्षीचं काम त्यातच आहे म्हणून जीव खालीवर होतोय. पूर्ण डिस्क फॉरमॅट करून नव्याने सुरू करू का?

शेलवाली: फॉरमॅट अजिबात करू नका, आधी बघा तरी आत काय आहे! मॅकमध्येच टीएमयूटिल नावाची कमांड आहे, २०११ च्या मॅकओएस लायनपासून आहे पण मेनूत कुठे दिसत नाही म्हणून कोणाला माहितच नसते. (इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकच्या कमांड टाइप करायच्या ॲपमध्ये, अर्थात रोमनमध्ये, सगळं स्मॉल.) पहिलं काम म्हणजे प्रायव्हसी सेटिंगमध्ये टर्मिनलला फुल डिस्क ॲक्सेस द्या, नाहीतर परवानगी नाही म्हणून एरर येईल आणि तुम्हाला वाटेल डिस्कच खराब आहे. मग टीएमयूटिल लिस्टबॅकअप्स, त्याने सगळ्या बॅकअपचे पाथ (डिस्कवरचे पत्ते) तारखेसकट ओळीने येतात. शेवटचे दोन पाथ उचला आणि टीएमयूटिल कंपेअर च्या पुढे आधी जुना मग नवा असे द्या. प्रत्येक फाइलपुढे खूण येते, अधिक म्हणजे नवीन आली, वजा म्हणजे गेली, उद्गारचिन्ह म्हणजे बदलली, शेवटी तिन्हींची बेरीज. पाथ न देता नुसतं कंपेअर चालवलं तर ते आत्ताचा मॅक आणि शेवटचा बॅकअप ताडून बघतं, बॅकअप नुकताच झाला असेल तर त्यात फारसं काही सापडणार नाही, म्हणून दोन पाथच द्या. वेळ लागतो, चहा घेऊन या.

मधला_वाचक: कंपेअरला मायनस एस लावा की, फक्त साइझ बघतं, काम हलकं होतं.

शेलवाली: इथे मायनस एस नको. व्हर्च्युअल मशीनच्या (मॅकच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) डिस्कसारखी फिक्स साइझची फाइल असेल तर आतलं सगळं बदललं तरी साइझ तेवढीच राहते, मग मायनस एसला ती बदललेली दिसणारच नाही आणि नेमकी तीच चोर असू शकते. काहीच ऑप्शन न देता चालवलं की बदलाची वेळसुद्धा बघितली जाते.

मॅक_वापरणारा: सापडलं!! हजारो ओळींमध्ये एकच मोठी ओळ, उद्गारचिन्ह आणि पुढे ४१ जीबी, ती माझ्या व्हर्च्युअल मशीनची फाइल आहे, ऑफिसचं एक सॉफ्टवेअर त्यात दिवसभर चालू असतं. पण त्यात मी जेमतेम काही एमबी बदलतो हो, मग पूर्ण फाइल का जाते?

जुनी_डिस्क: तुमची बॅकअप डिस्क जुन्या फॉरमॅटची असणार, मॅक ओएस एक्स्टेंडेड. डिस्क युटिलिटीत बघा. त्या फॉरमॅटवर टाइम मशीन फाइलपेक्षा बारीक काही बघत नाही, एक अक्षर बदललं तरी अख्खी फाइल पुन्हा. २०२० च्या मॅकओएस बिग सरपासून नव्या डिस्कवर बॅकअप एपीएफएस या नव्या फॉरमॅटमध्ये होतो आणि त्यात मोठ्या फाइलचा बदललेला भागच कॉपी होऊ शकतो, पण जुनी डिस्क मॅक अपडेट केला म्हणून आपोआप बदलत नाही, ती आहे तशीच चालू राहते.

आत्तापुरतं त्या व्हर्च्युअल मशीनचं फोल्डर बॅकअपमधून वगळा, टीएमयूटिल ॲडएक्स्क्लूजन आणि पुढे पाथ. ही खूण फोल्डरलाच चिकटते, फोल्डर दुसरीकडे हलवलं तरी सोबत जाते, हे ध्यानात ठेवा. पाथलाच बांधायची असेल तर मायनस पी आणि पुढे सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लागेल. मग टीएमयूटिल इजएक्स्क्लूडेड चालवून एक्स्क्लूडेड असं उत्तर येतंय ना ते बघाच. आणि हो, त्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप आता तुमच्याच हातात, मशीन पूर्ण बंद करून फाइल वेगळ्या डिस्कवर कॉपी करत जा, चालू असताना केलेली कॉपी उघडेलच असं नाही.

मॅक_वापरणारा: केलं, पुढचा बॅकअप २०० एमबीच्या आत! खूप खूप आभार दोघांचे. आधीच्या त्या चाळीस चाळीस जीबीच्या कॉप्या अजून डिस्कवर बसल्यायत, त्या फाइंडरमधून उडवू का?

शेलवाली: फाइंडरमधून नको, आरएम (टर्मिनलची फाइल उडवायची कमांड) ने तर नकोच. आधी टीएमयूटिल युनिकसाइझ आणि त्या बॅकअपचा पाथ, म्हणजे फक्त त्या एका बॅकअपमध्येच असलेला डेटा किती ते कळतं, थोडक्यात तो उडवला तर किती जागा सुटेल. गेल्या आठवड्यातल्यांचे आकडे बघा, जिथे चाळीसच्या आसपास येईल तो सुडो टीएमयूटिल डिलीट आणि पाथ देऊन (बिग सर किंवा नंतरच्या मॅकओएसवर पाथच्या आधी मायनस पी) काढा, एकेक करून, पाथमधली तारीख दोनदा वाचून. गेल्या वर्षीच्या तारखांना हातच लावू नका.