गझालींनंतर सगळं थांबलं?

'इमाम गझाली या धर्मपंडितांनी तत्त्वज्ञांवर टीका केली आणि तिथून इस्लामी जगातलं विज्ञान आटलं' असं काही जण म्हणतात. सोपं उत्तर आहे, म्हणून लोकप्रिय. पण सनावळी जुळत नाही. गझाली वारले ११११ मध्ये. इराणमधल्या मराग्याची वेधशाळा १२५९ ची, आणि समरकंदला उलुग बेग या खगोलज्ञ राज्यकर्त्याच्या पदरी असलेल्या जमशीद अल्-काशी या गणित्याने पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत काढली ती १४२४ मध्ये. युरोपात त्याच्या पुढे जायला १५९६ उजाडलं.

मला त्यात आवडतं ते हे, की अचूकता किती हवी हे त्याने आधीच ठरवलं. पृथ्वीच्या व्यासाच्या ६ लाख पट व्यासाचं वर्तुळ घ्या (त्याच्या मते विश्व याहून मोठं नव्हतं). त्याच्या परिघातली चूक घोड्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी हवी. वर्तुळाच्या जागी जवळपास तेवढ्याच परिघाची बहुभुजाकृती घ्यायची, तर त्यासाठी किती बाजू लागतील ते काढलं, ८०,५३,०६,३६८, आणि मग हाताने आकडेमोड. तीही दहाऐवजी साठ आधार धरणाऱ्या अंकपद्धतीत!

त्याने वडिलांना लिहिलेली पत्रंही उपलब्ध आहेत, जरूर वाचा. उलुग बेग घोड्यावर बसल्या बसल्या सूर्याचं स्थान तोंडी काढतो याचं कौतुक आहे, आणि काझीझादा हा एक गणिती सोडला तर दरबारातल्या बाकी गणित्यांची भरपूर उणीदुणी. गडी आत्मप्रौढीत कमी नव्हता. आपल्याकडे सवाई जयसिंगाने पुढे ग्रहताऱ्यांच्या स्थानांची स्वतःची कोष्टकं केली, तेव्हा उलुग बेगचीच कोष्टकं त्याच्यासमोर होती.