दुपारी दोननंतर डोळे मिटतात, घरच्या जेवणाचं काय करू?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार. पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम आता जळगावला, घरूनच करतो. आई-वडिलांजवळ राहायला मिळतं याचा आनंद मोठा आहे. पण दुपारी कधी शेवभाजी आणि भात, कधी भरीत-पुरी, वर आईचं "अजून एक घे ना". दोनच्या मीटिंगला डोळे मिटायला लागतात. मग साडेचारला चहा आणि केळीचे वेफर्स. ओट्स खाऊन पाहिले तर आईचा चेहरा उतरला, मलाही ते गेले नाहीत. आईच्या हातचं न सोडता काम नीट होईल, असं कुणी काही बसवलंय का?

धुळ्याची ताई:
भाऊ, ओट्स राहू द्या. मी घरून जीएसटीची कामं करते, आणि दुपारी माझ्या ताटात कळण्याची भाकरी असते. चार वाट्या दादर (आपली खानदेशी ज्वारी), एक वाटी सालासकट काळे उडीद, थोडी मेथी, मीठ, सगळं एकत्र दळून आणायचं. ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, ते उडदातून मिळतं, म्हणून दोन्ही मिळून प्रथिनं चांगली होतात. पीठ काळसर दिसतं, भाकरी थापताना कडा चिरतात, म्हणून पाणी कोमट घ्या आणि पीठ चांगलं मळा. एक भाकरी, वाटीभर पालेभाजी, कांदा, ताक. पोट भरतं आणि जडही होत नाही.

भरीत सोडायची काहीच गरज नाही. वांगं भाजलेलंच असतं, फक्त वरून तेल बेताचं, आणि पुरी नको. भरताला कळण्याची भाकरीच शोभते, हे माझं ठाम मत. शेवभाजी-भात रविवारी निवांत खा.

आणि एक. दुपारी थोडी सुस्ती शरीराच्या घड्याळानेच येते, भरपेट जेवलं की ती वाढते. डोकं लागेल ते काम जेवणाआधी उरका.

रात्रपाळी (भुसावळ):
ताईंशी सहमत. चहाचं सांगतो. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. साडेचारच्या चहाने रात्रीची झोप बिघडली, की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेंग. चहा तीनच्या आत घ्या. वेफर्सऐवजी सरळ केळं खा, रावेर-यावलचा माल आपल्या दारात आहे. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको म्हणते, वेफर्सच्या पुडीने त्यातला वाटा उगाच जातो. उन्हाळ्यात तर टेबलावर पाण्याचा तांब्या हवाच, आपल्याकडचं ऊन पंख्याखालीही माणसाला सुकवतं.

तापीकाठ:
आईला सगळं वाचून दाखवलं. ती खूश आहे, उद्याच दळण टाकतेय. ती विचारते, मेथी किती? तिच्या माहेरी, चोपड्याला, घालत नसत.

धुळ्याची ताई:
किलोला एक चमचा. नाही घातली तरी चालेल, मीठ मात्र दळणातच टाकायला सांगा.