मदत हवी आहे: प्लायच्या पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या वाकल्या, स्क्रूपाशी पापुद्रे सुटले

नवा_रंधा:
घरीच केलेलं उघडं कपाट आहे. 7 फूट उंच, 42 इंच रुंद, 11 इंच खोल. 18 मिमीचा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय. तळ आणि माथा सोडून मध्ये 5 फळ्या. बाजूच्या पाटातून फळीच्या कडेत 2 इंची काळे ड्रायवॉल स्क्रू, प्रत्येक टोकाला 3. पाठ लावलेली नाही. दोन महिन्यांत:

1) मधल्या फळ्या मधोमध 4 सूत (अर्धा इंच) खाली आल्या.
2) 6-7 ठिकाणी स्क्रूपाशी कडेचे थर फाकले. दोन स्क्रूंची डोकी पिळताना तुटली.
3) हाताने ढकललं की अख्खं कपाट डावी-उजवीकडे झुलतं.

सगळं मोडून नव्याने करावं लागेल, की सुधारता येईल?

गुण्या:
मोडायची गरज नाही. आधी एक सांगा, फळीवरच्या रेषा लांबीच्या दिशेने आहेत की आडव्या?

नवा_रंधा:
आडव्या. तुकडे कमी वाया जावेत म्हणून दुकानात 4 फुटी रुंदीतून कापून घेतले.

गुण्या:
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. 8 बाय 4 च्या शीटला वरचे थर 8 फुटांच्या दिशेने असतात आणि वाकण्याला विरोध मुख्यतः ते बाहेरचे थरच करतात. फळी आडवी कापली की तिची ताठरता बरीच कमी होते. कापायला देताना प्रत्येक मापापुढे रेषांची दिशा बाणाने दाखवायची, नाहीतर कापणारा शीट वाचवायच्याच हिशेबाने कापतो.

उरलेलं अर्धं म्हणजे गाळा, फळीच्या दोन आधारांमधलं अंतर. पुस्तकं सहज मीटरला 30 किलो भरतात. वजन सारखं पसरलेलं असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. गाळा निम्मा केला की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणजे 18 ऐवजी 25 मिमी घेऊनही वाक फार तर 2.7 पटीने कमी होईल. पैसे जाड प्लायवर नका घालवू, मध्ये उभा पाट द्या.

असं करा. पुस्तकं काढा, फळ्या सोडवा. डावं टोक उजवीकडे जाईल अशी प्रत्येक फळी पालथी करा. फुगवटा वर येतो आणि पुढची कड पुढेच राहते. मग मधोमध 11 इंच रुंदीचे उभे तुकडे. त्यांची उंची बाजूच्या पाटाजवळ मोजायची, मध्यावर नाही. मध्यावर मोजलीत तर फळीचा बाक कायमचा पक्का होईल. सगळे तुकडे एकाच ओळंब्यात हवेत आणि तळफळीखालीही एक तुकडा जमिनीपर्यंत हवा. तो राहिला तर सगळं वजन तळफळीच्या मध्यावर येतं आणि तीच बसते.

चार_सूत:
मधला पाट नको असेल तर पुढच्या कडेला सागाची 18 बाय 38 मिमीची पट्टी उभी धरून, वरून फळीशी सपाट ठेवून गोंदाने चिकटवा. फळीची ताठरता दुपटीपेक्षा जास्त होते. पण इतक्या पुस्तकांना माझं मत मधल्या पाटालाच.

आता स्क्रू. ड्रायवॉल स्क्रू पाणी दिलेल्या कडक पोलादाचा असतो, पिळाने वाकत नाही, थेट तुटतो. चिपबोर्ड स्क्रू घ्या, 8 नंबर, 50 मिमी. बाजूच्या पाटात 4.5 मिमीचं आरपार भोक, डोक्यापुरता खळगा, आणि फळीच्या कडेत 3 मिमीचं भोक स्क्रू जाईल तितकं खोल. कडेत भोक न पाडता स्क्रू घातला की तो थरांमध्ये पाचरीचं काम करतो. तुमच्याकडे तेच झालंय.

फाकलेल्या कडेत सुई काढलेल्या सिरिंजने फेविकॉल भरा, दोन्ही बाजूंना प्लास्टिक आणि सपाट लाकूड ठेवून सी-क्लॅम्पने 24 तास आवळा. नवं भोक जुन्यापासून दीड इंच लांब आणि कोपऱ्यापासूनही तितकंच आत. शिवाय प्रत्येक फळीखाली दोन्ही टोकांना इंचभराची लाकडी पट्टी बाजूच्या पाटाला ठोका. वजन पट्टीवर, स्क्रू फक्त फळी जागेवर धरायला.

गुण्या:
झुलणं पाठ नसल्यामुळेच. 6 मिमी प्लाय मागून लावा, चारही कडांना 6-6 इंचांवर स्क्रू, प्रत्येक फळीच्या मागच्या कडेलाही. मागची कड त्यामुळे वाकायचीही थांबते. पण पहिला स्क्रू मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना आवळून सारखे करा, मगच पाठ बसवा. वाकड्या चौकटीला पाठ लावली की ती वाकडीच घट्ट होते.

नवा_रंधा:
समजलं. भिंतीला अडकवायचं का? भिंत हलक्या पांढऱ्या ब्लॉकची आहे.

चार_सूत:
अडकवायलाच हवं. 7 फूट उंच आणि फक्त 11 इंच खोल, लहान मूल वरच्या फळीला लोंबकळलं तर पुढे येईल. माथ्याजवळ दोन एल-पट्ट्या. हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) फिरते, त्यासाठीची वेगळी नायलॉन गिट्टी मागा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. स्क्रू ब्लॉकमध्ये किती रुततो ते मोजताना प्लास्टरची जाडी धरू नका, ते पकड देत नाही.

एमआर प्लाय पाणी सोसत नाही. भिंतीपासून अर्धा इंच अंतर ठेवा, पाठीच्या मागच्या बाजूला प्रायमरचे दोन हात द्या, आणि खालच्या कापलेल्या कडा विसरू नका. लादी पुसताना पाणी तिथूनच चढतं.